गाण्याची उतरंड : एक प्रतिवाद

संगीताच्या बाबतीत रत्नागिरीकर भाग्यवान आहेत. थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा महोत्सव भरतो, खल्वायनसारखी संस्था निष्ठेने संगीत नाटके उभी करते, सावरकर नाट्यगृहात पद रंगले की अजूनही वन्समोअर घुमतो. त्याच तालुक्यात गणपतीत वाडीवाडीवर जाखडी नाचते, शिमग्यात खेळे बाहेर पडतात आणि भजनाच्या डबलबाऱ्या उत्तररात्रीपर्यंत चालतात. एवढे वैभव हाकेच्या अंतरावर असताना इथल्या जाणत्या श्रोत्यांत एक मत इतके खोल रुजले आहे की, ते केवळ एक मत आहे याचेही भान उरलेले नाही. मैफलीच्या मध्यंतरात ते चहाबरोबर वाटले जाते. माझा वाद त्या मताशी आहे. ते बाळगणारे कित्येक जण माझ्यापेक्षा चांगले ऐकतात, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे; दुबळा करून पाडण्यात काय पुरुषार्थ? तो असा. संगीतप्रकारांची एक उतरंड आहे. माथ्यावर ख्याल, त्याखाली ठुमरी-नाट्यपद, मग अभंग-भावगीत, मग सिनेमा, आणि अगदी तळाला जाखडी-नमन. याला आधार तीन. पहिला मेहनतीचा : ख्याल यायला पंधरा-वीस वर्षे लागतात, इतर प्रकार तुलनेने लवकर साधतात. दुसरा संचाराचा : ख्यालगायक अभंग गाऊ शकतो, नाट्यपद गाऊ शकतो, मनात आणले तर सिनेमातही गातो, भजनीबुवा मात्र मारवा मांडू शकत नाही. भीमसेन जोशींनी अभंग घरोघरी नेले, वसंतराव देशपांड्यांनी 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’तला खाँसाहेब उभा केला, उलट दिशेचे उदाहरण दाखवा, असे आव्हान दिले जाते. तिसरा शास्त्राचा : ख्यालाला रागव्यवस्था आहे, लक्षणग्रंथ आहेत, चर्चेची परिभाषा आहे. या तिन्हींवरून निष्कर्ष निघतो की ख्यालगायकाचे कौशल्य सर्वांत मोठे. आणि त्यावर आणखी एक मजला चढतो : ख्याल ऐकणारा दर्दी, जाखडीच्या रिंगणाशी रात्र काढणारा किंवा दिवसभर सिनेमाची गाणी लावणारा मात्र कच्च्या कानाचा. हळू आवाजात पुढे असेही म्हटले जाते की, कच्च्या संस्कृतीचा.

युक्तिवाद दिसायला भक्कम आहे. एकेक खांब तपासू.

मेहनतीचा मुद्दा निम्मा खरा आहे. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते. तेवढ्या लांबीत लयीचा धागा न सोडता, रागाची मर्यादा न ओलांडता, सहज चालत आल्यासारखे समेवर येणे ही असामान्य गोष्ट आहे. तिला वर्षे लागतात. पण कष्टाचे माप हेच श्रेष्ठतेचे माप, हे ख्यालाच्या रसिकांना तरी मान्य आहे का? गोव्याचे खाप्रूमामा पर्वतकर आठवा. दोन हातांनी, दोन पायांनी वेगवेगळे ताल धरून तोंडाने तिसराच हिशेब मांडणारा हा लयीचा अवलिया. त्यांना ‘लयब्रह्मभास्कर’ म्हणत. अवघडपणा हीच कसोटी असेल तर त्या काळातले सगळे गवई त्यांच्या खालच्या पायरीवर बसवावे लागतील. तसे कुणी केले नाही, खाप्रूमामांच्या भक्तांनीही नाही. उलट नुसती कसरत दिसली की आपलेच दर्दी मान हलवून म्हणतात, ‘तयारी आहे, पण गाणे नाही.’ म्हणजे ख्यालाच्या अंगणात अवघडपणा आणि श्रेष्ठता या दोन वेगळ्या गोष्टी. आणि अंगणाबाहेर पाऊल टाकताच त्या एक होतात? न्यायाच्या भाषेत याला वदतोव्याघात म्हणतात.

शिवाय ‘मेहनत’ ही एकजिनसी वस्तू नाही. मिरकरवाड्यातून खोल समुद्रात ट्रॉलर नेणारा तांडेल आणि भाट्याच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग फेकणारा, यांत मोठा मच्छीमार कोण? प्रश्नच चुकीचा आहे, हे कुठलाही दालदी सांगेल. तांडेलाला पाग धड फेकता येईलच असे नाही, आणि पागवाल्याच्या हाती ट्रॉलर कुणी देणार नाही.

आता संचाराचा मुद्दा. पूर्वपक्षाचे हे सर्वांत धारदार शस्त्र, म्हणून इथे थोडे थांबणे भाग आहे.

ख्यालगायक ज्या परक्या प्रांतांत लीलया संचार करतो असे सांगितले जाते, ते प्रांत कुठले? नाट्यपद आणि मैफलीतला अभंग. पण हे परके आहेत कुठे? ‘मानापमाना’च्या चाली 1911 साली गोविंदराव टेंब्यांनी बांधल्या, ‘स्वयंवरा’च्या 1916 साली भास्करबुवा बखल्यांनी. भास्करबुवा म्हणजे अनेक घराण्यांची तालीम पचवलेला ख्यालगायक. मैफलीतल्या अभंगाचा आजचा घाटही ख्यालियांनीच घडवला. ज्या घराच्या भिंती आपणच बांधल्या तिथे आपल्याला वावरता येते, यात आश्चर्य कसले? शिवाय भीमसेन आणि वसंतराव ही नावे आपल्याला आठवतात ती ते यशस्वी झाले म्हणून. भैरवीआधी ‘एक अभंग’ घेऊन तानांच्या पुरात शब्द बुडवणारे गवई आपण सर्वांनी ऐकले आहेत. त्यांची गणती या हिशेबात कुणी धरतो का?

खरी परीक्षा ख्यालाची सावली न पडलेल्या प्रांतात व्हायला हवी. डबलबारी घ्या. दोन बुवा आपापली मंडळे घेऊन समोरासमोर बसतात. बुवा स्वतः पेटी वाजवतो आणि स्वतःच गातो, तेही चढ्या पट्टीत, खुल्या गळ्याने. बाजूला पखवाज, झांज, मागे कोरस. त्या साऱ्यांना नजरेने आणि पेटीच्या भात्याने आवरायचे, लय चढवत न्यायची, पण फुटू द्यायची नाही. अभंग झाला, गवळण झाली, गजर आला की समोरच्या बुवाने मघाच्या बारीत मारलेला टोमणा उचलायचा, त्याला पुराणातला दाखला शोधायचा, तो चालीत बसवायचा आणि गात गात परत करायचा. हे सगळे एकाच माणसाने, एकाच वेळी. ख्यालगायकाच्या शेजारी पेटीवर दुसरा कुणी असतो, तबल्याचा ठेका त्याच्या मर्जीने चालतो, आणि समोर बसून त्याला चिडवणारा कुणी नसतो. मी असे म्हणत नाही की म्हणून बुवा ख्यालियापेक्षा मोठा. मी एवढेच विचारतो : कुठल्या ख्यालियाने हे करून दाखवले आहे? कुणी नाही, कारण कुणी त्या बैठकीला बसलाच नाही. परीक्षेला न बसलेल्याला पहिला नंबर देण्याची पद्धत कुठल्या शाळेत आहे?

जाखडीचे तेच. मधे शाहीर आणि वादक, भोवती एका पायात चाळ बांधून फिरणारे नाचे. एक फड शक्तीवाल्यांचा, दुसरा तुरेवाल्यांचा. एक प्रकृतीला थोर मानणारा, दुसरा पुरुषाला. गण-गवळण झाली की सवाल पडतो आणि जवाब त्याच छंदात, त्याच चालीत द्यावा लागतो. इथे शब्द ऐकू गेला नाही तर सामनाच संपला. ख्यालात बंदिशीचे शब्द धूसर झाले तरी गाणे उभे राहते, कित्येकदा त्यामुळेच उभे राहते. म्हणजे जी स्पष्टता एका प्रकारात प्राणवायू आहे ती दुसऱ्यात जवळजवळ बिनमहत्त्वाची. मग दोघांना एका तराजूत घालताना शब्दफेकीला वजन किती द्यायचे? ख्यालाच्या बाजूने शून्य आणि जाखडीच्या बाजूने शंभर. वजने कोण ठरवणार? जो ठरवील तोच निकाल लावील. आजवर ती ठरवणारी माणसे एकाच बाजूची होती, एवढेच उतरंडीचे रहस्य आहे.

लावणीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत आणि दर वेळी तिचा अर्थ नवा करीत; बसल्या जागी, चेहरा आणि हात एवढ्याच सामग्रीवर. बोलबनाव वाखाणणाऱ्या पंडितांनी त्या अदेला ‘सुगम’ म्हणावे, याला काय म्हणावे?

शास्त्राचा खांब फार वेळ घेणार नाही. लिहिलेले शास्त्र आणि असलेले शास्त्र एकच नव्हे. छंदाची मात्रा ढळली की रिंगणाबाहेर उभा असलेला म्हातारा ती पकडतो. त्याच्याकडे लक्षणग्रंथ नसला तरी लक्षण आहे. आणि लिखित शास्त्र असलेल्या ख्यालात तरी एक माप चालते का? वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त घराणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये मांडली : किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर मधोमध समतोल साधून. पुस्तक 1961 चे, आजही वाचावे असे. पण ते जिथे थांबते तिथे पाहा. समतोल हे मूल्य सर्वोच्च मानले तरच जयपूर वर जाते. स्वरलगाव सर्वोच्च मानला तर किराण्याचे अब्दुल करीम खाँ वर जातात. एकाच प्रकाराच्या आत श्रेष्ठतेचा निकाल मूल्यावर अवलंबून असेल, तर प्रकारांच्या पलीकडे तो निरपेक्ष कसा होईल? अशोक रानड्यांनी लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा वेगवेगळ्या कोटी मांडल्या त्या याच गोंधळातून वाट काढण्यासाठी. प्रत्येक कोटीचे प्रयोजन वेगळे, म्हणून कसोट्या वेगळ्या. रानडे स्वतः शास्त्रोक्त गायनाची तालीम घेतलेले. त्यांना कच्च्या कानाचे म्हणायची कुणाची छाती आहे?

यापुढचा पुरावा इतिहासाचा, आणि तो आपल्या गावातूनच निघतो.

उतरंड सनातन असती तर तिच्यातली मडकी जागच्या जागी राहिली असती. तशी ती राहिली आहेत का? ध्रुपदियांनी एके काळी ख्यालाला हलके मानले. ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांचे घराणेच मुळात ध्रुपदाचे. आज ध्रुपद आदराने कोपऱ्यात बसले आहे आणि ख्याल माथ्यावर. ज्या नाट्यसंगीताला रत्नागिरीत आज आपण वारसा म्हणून जपतो, ते जन्माला आले तेव्हा काय होते? तिकीट लावून विकले जाणारे, गल्ल्यावर जगणारे, त्या काळातले लोकप्रिय संगीत. 1880 च्या ‘शाकुंतला’पासून त्यात कीर्तनातल्या साक्या-दिंड्या आल्या, लावणीच्या चाली आल्या, टेंब्यांच्या हाती पूरबच्या ठुमऱ्या-दादरे आले. हे पोट भरून घेतलेले उसने. सिनेमाच्या गाण्याला ‘उचल्या’ म्हणून नाक मुरडणारा आपला रसिक त्याच संध्याकाळी बालगंधर्वांच्या पदाला डोळे मिटून दाद देतो, तेव्हा त्या पदातली लावणी त्याला ऐकू येत नाही, की ऐकू येऊनही तो ओळख दाखवत नाही?

याच गावात 1924 ते 1937 या काळात सावरकर स्थानबद्ध होते. त्यांचे ‘संन्यस्त खड्ग’ 1931 साली दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत कुणाचे? रामकृष्णबुवा वझ्यांचे. सावंतवाडीकडचे, ग्वाल्हेरची तालीम असलेले, बंदिशींचा प्रचंड साठा बाळगणारे कडवे ख्यालगायक. त्यांना नाटकमंडळीसाठी चाली देताना आपण पायरी उतरतो आहोत असे वाटले असते तर त्या चालींत दीनानाथांच्या गळ्याचा तो पेच, ती फेक यांना इतकी जागा राहिली असती का? थोरांनी उतरंड पाळली नाही. ती पाळतो आपण, श्रोते.

आणि हार्मोनियम! 1940 साली आकाशवाणीने हे वाद्य हिंदुस्थानी संगीताला अपात्र ठरवून हद्दपार केले आणि सुमारे तीन दशके दार बंद ठेवले. कारणे शास्त्रीय होती : श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही. कारणे खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. पण त्याच काळात गुहागर तालुक्यातले गोविंदराव पटवर्धन याच अपात्र वाद्यावर रात्री ख्यालाला साथ करीत होते, नाटकाच्या खड्ड्यात बसून पदे उचलीत होते, आणि एकलवादनात नाट्यपद असे वाजवीत होते की शब्द ऐकू आल्याचा भास व्हावा. मींड नसलेल्या वाद्यात मींडेचा आभास निर्माण करणे हे कौशल्य उतरंडीच्या कुठल्या मडक्यात ठेवायचे? आकाशवाणीने वाद्याचे दोष मोजले. माणसाचा हात मोजला नाही.

आता श्रोत्याकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

कलावंतांची तुलना चुकली तर फार तर एखादा अन्यायकारक लेख निघतो. श्रोत्याला त्याच्या आवडीवरून तोलले की माणसे दुखावतात, आणि धोरणेही चुकतात. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. विद्वान माणूस, संगीतावर मनापासून प्रेम. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर त्यांनी जी जागा दिली तिचे ऋण आजही फिटलेले नाही. पण लोकांची अभिरुची बिघडली आहे असे ठरवून त्यांनी सिनेसंगीताला दार बंद केले. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली, ती याच काट्यामुळे. अभिरुची सुधारली नाही. फक्त ती दुसऱ्या देशाच्या केंद्रावर गेली. श्रोत्याला कनिष्ठ मानून त्याचे भले करायला निघालेल्या धोरणाची यापेक्षा स्पष्ट फलश्रुती कुठली हवी?

या वादात एका साक्षीदाराला बोलावतो, आणि तो पूर्वपक्षाच्याच घरचा आहे. कुमार गंधर्वांनी लता मंगेशकरांवर लिहिलेल्या लेखात म्हटले की, लताबाईंचे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे आणि पंडिताची तीन तासांची मैफल यांचे कलामूल्य तितकेच असू शकते. गाण्याचे मोल रसिकाला आनंद देण्याच्या सामर्थ्यावर ठरते. सिनेसंगीताने लोकांचे कान बिघडवले हा आरोपही त्यांनी उलटवला : त्या गाण्यांनी सामान्य माणसाचा कान स्वराला सरावला, असे त्यांचे म्हणणे. हे लिहिणारा माणूस ख्यालाच्या कुठल्याही कसोटीवर पहिल्या रांगेतला. त्यांना लोकानुनयाची गरज नव्हती.

आवडीवरून माणसाविषयी नेमके काय कळते? बहुधा एवढेच की तो कुठे वाढला, त्याच्या कानावर काय पडले आणि संध्याकाळी त्याला मोकळा वेळ किती. रत्नागिरीत राजवाड्याच्या आवारातले श्रोते आणि वाडीतल्या रिंगणाभोवतीचे श्रोते यांच्या आडनावांकडे, घरांकडे, पोटापाण्याच्या कामांकडे पाहा. अभिरुचीचा म्हणून सांगितला जाणारा फरक बराचसा तिथेच सापडेल. पियेर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1979 साली एक जाड ग्रंथ लिहून हेच दाखवले की, अभिरुचीच्या नावाखाली आपण बहुतेकदा वर्ग ओळखत असतो. आपल्याकडे ‘वर्गा’च्या जोडीला आणखी एक शब्द लिहावा लागतो. तो कुठला, हे वाचकांना सांगायला नको.

श्रोत्यालाच तोलायचे असेल तर तो काय ऐकतो यापेक्षा कसा ऐकतो ते पाहा. सम समजून चुकीच्या जागी मान हलवणारे मी मैफलीच्या पहिल्या रांगेत पाहिले आहेत. बुवाने एका गजराची चाल उलटवली तेव्हा पखवाजवाला क्षणभर कसा चाचपडला, हे दुसऱ्या दिवशी होडी ओढता ओढता बिनचूक सांगणारेही ऐकले आहेत. यांत दर्दी कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

इथे समोरून एक वार येणार, तो आधीच झेलतो. ‘म्हणजे तुमच्या मते सगळे सारखेच? ज्याला जे आवडेल ते थोर?’ मुळीच नाही. बेसूर तो बेसूर, मग तो राजवाड्यात असो की वाडीत. मिळमिळीत जवाब देणारा शाहीर वाईटच, रटाळ आलाप करणारा गवई वाईटच. स्वर, लय, दम, शब्दोच्चार अशी सुटी अंगे प्रकारांच्या आरपार ताडून पाहता येतात. भजनातल्या पखवाजवाल्याची लय मैफलीतल्या तबलजीइतकी पक्की आहे, हे विधान तपासता येते, म्हणून ते सार्थ आहे. ‘ख्याल भजनापेक्षा श्रेष्ठ’ हे विधान तपासता येत नाही. आणि ख्यालाला ‘आ-ऊ’ म्हणून हसणाऱ्या, त्याच्या श्रोत्यांना ‘शिष्ट’ म्हणून मोडीत काढणाऱ्या मंडळींनी माझ्या बाजूला येऊन बसू नये. उतरंड उलटी केली म्हणून ती उतरंड राहत नाही असे नाही.

शेवटचा आक्षेप भीतीतून येतो, म्हणून तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. ख्यालाचा मोठेपणा नाकारलात तर वीस वर्षे घासायला पुढे येणार कोण? आधीच शिकणारे थोडे. त्यावर उत्तर एकच : कोण कुठल्या पायरीसाठी घासला आहे, ते दाखवा. 1933 साली गदगचे घर सोडून अकरा वर्षांचा एक मुलगा गुरूच्या शोधात निघाला. पुढे तो ख्यालाचा अर्ध्या शतकाचा आवाज झाला. भीमसेनला घराबाहेर काढले ते अब्दुल करीम खाँसाहेबांच्या एका ध्वनिमुद्रिकेने. त्या तबकडीवर ख्याल नव्हता. झिंझोटीतली ठुमरी होती, तीनेक मिनिटांची.